साडेतीन सामन्यांचा क्वार्टरबॅक

मला फेकता येतं, एवढंच त्या कोचने पहिल्या दिवशी मान्य केलं. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट संघात मला घेतलं होतं ते या हातासाठीच. बॅटिंग यथातथा, पण सीमारेषेवरून मी टाकलेला चेंडू सरळ यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये जायचा. नेदरलँड्समध्ये आल्यावर तो हात लॅपटॉप आणि सायकल यांच्यापलीकडे कशाला लागला नव्हता. मग ऑफिसातला एक सहकारी मला ओढत त्याच्या क्लबवर घेऊन गेला. झूटरमेरच्या आमच्या घरापासून सायकलने फार लांब नाही, कालव्याच्या पलीकडे, कृत्रिम गवताचं मैदान. तिथे अमेरिकन फुटबॉल खेळायचे. सगळे हौशी. कोणी सुतार, कोणी नर्स, कोणी बँकेत.

कोच म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. साठी उलटलेली, एक गुडघा आखडलेला, आवाज कधी चढवायचा नाही. त्याने माझ्या हातात तो लंबगोल चेंडू दिला आणि पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. मी फेकला. चेंडू भेलकांडत गेला, पण पोचला.

"हात आहे," तो म्हणाला. "बाकी काही आहे का, ते हिवाळ्यात कळेल."

या खेळात पायाचं काम थोडंच. दोन संघ एकमेकांना भिडतात आणि चेंडू पुढे न्यायचा असतो. चेंडू कोणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे एक माणूस ठरवतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी राहतात. समोरच्यांचं काम एकच, ती भिंत फोडून क्वार्टरबॅकला जमिनीवर आपटायचं. त्याच्याकडे वेळ असतो दोन श्वासांचा. भिंतीच्या मधला माणूस म्हणजे सेंटर. तो ओणवा होतो, चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्या मांड्यांखाली हात धरून तो घेतो. पहिल्यांदा मला विलक्षण संकोच वाटला होता. सेंटर ओणव्यानेच म्हणाला, "लाजू नकोस. माझी बायकोसुद्धा इतक्या जवळ येत नाही."

तो घरांच्या छपरांवर कौलं बसवायचा. दरवाजातून तिरका होऊन आत यायला लागायचं, इतका रुंद. त्या हिवाळ्यात तो माझा मित्र झाला.

हिवाळ्यात कोचने मला घडवलं. दुसरा शब्द नाही. दर मंगळवार-गुरुवार, आडवा पाऊस, बोटं बधिर. मी उभा राहायचो आणि चौघे-पाचजण हातात जाड गाद्या घेऊन माझ्यावर धावून यायचे. मी त्यांच्याकडे बघायचं नाही. त्यांच्यापलीकडे पळणाऱ्या आमच्या माणसाकडे बघायचं, पाय हलते ठेवायचे आणि फेकायचं. नजर जरा खाली आली की कोच शिट्टी वाजवायचा.

"त्यांच्याकडे बघितलंस."

"ते अंगावर येत होते."

"येणारच. तुला भीती वाटते का?"

"हो."

"मला दिसतंय. मग समोरच्यांना दिसणार नाही का?" आणि त्या चौघांकडे वळून, त्याच मऊ आवाजात, "आता गाद्या ठेवून द्या. अंगानेच जा."

बरगड्यांवर निळे-जांभळे डाग घेऊन मी घरी यायचो. बायको बर्फाची पिशवी फेकायची, हातात द्यायची नाही. "आईला व्हिडिओ कॉलवर हे दाखव एकदा," ती म्हणायची. "म्हणावं, नोकरीसाठी पाठवलंत, हा इथे लोकांच्या अंगाखाली चिरडून घ्यायला जातो."

पण फेब्रुवारीच्या सुमाराला काहीतरी बदललं. अंगावर येणारी माणसं मला दिसेनाशी झाली. म्हणजे ती होतीच, नुसती धूसर झाली, आणि लांबचा पळणारा माणूस लख्ख दिसायला लागला. चेंडू भेलकांडायचा थांबला. एकदा माझ्या हातून सुटलेला चेंडू पाहून सेंटर ओणव्याचा उठला, मागे वळला आणि त्याने माझं हेल्मेट दोन्ही हातांत धरून स्वतःच्या हेल्मेटवर आपटलं. "तुझं अंग आता माझं," तो म्हणाला. "त्याला कोणी हात लावला तर मी त्याला सोडणार नाही." मी कोचकडे पाहिलं. तो घड्याळ बघत होता.

पहिला सामना मार्चअखेरीस, आमच्याच मैदानावर. समोरचा संघ मोठ्या शहरातला, अंगाने आणि सरावाने आमच्या दुप्पट. त्यांनी आम्हाला धुतलं. आमची भिंत पहिल्या काही मिनिटांतच फुटली आणि मग मी फक्त पडत राहिलो. कधी पाठीवर, कधी तोंडावर, एकदा तर आमच्याच माणसाच्या बुटावर. माझी सात वर्षांची मुलगी काठावर बाकीच्या पोरांबरोबर होती. पोरांनी त्याचा खेळ केला. मी पडलो की सगळी डचमध्ये एकसुरात ओरडायची, "पडला!" माझ्या पोरीचा आवाज सगळ्यांत वर. आम्हाला एक गुणसुद्धा मिळाला नाही.

मंगळवारी कँटीनमध्ये कोचने भिंतीवर सामन्याचा व्हिडिओ लावला. तळणाचा वास, बिअरचे ग्लास, चाळीसेक माणसं. एका जागी त्याने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. हेल्मेटच्या जाळीआड माझा चेहरा. डोळे घट्ट मिटलेले.

"हा काय करतोय?" त्याने सगळ्यांना विचारलं.

"झोपलाय," मागून कोणीतरी म्हणालं. कँटीन हसलं. मीही हसलो, हसायचं असतं म्हणून.

"पुन्हा," कोच म्हणाला आणि तोच तुकडा परत लावला. मग परत. हसणं थांबेपर्यंत तो लावत राहिला आणि थांबल्यावरही एकदा लावला. शेवटी फक्त प्रोजेक्टरची घरघर होती आणि भिंतीवर माझे मिटलेले डोळे. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या सामन्यात हे उघडे राहू देत. एवढंच मागतोय."

राहिले. दुसरा सामना आम्ही हरलो, पण थोडक्यात, आणि माझ्या हातून दोन चेंडू थेट मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात पोचले. तिसरा आम्ही जिंकलो. शेवटच्या खेळीत सेंटरने समोरच्या बैलासारख्या माणसाला छातीवर असं तोलून धरलं की मला दोनाऐवजी तीन श्वास मिळाले. त्या तिसऱ्या श्वासात मी दोघांच्या मधल्या हातभर फटीतून चेंडू काढला. पुण्यात इतक्या वर्षांत क्रिकेटने मला दिलं नव्हतं ते त्या एका फेकीने दिलं. माणसं माझ्या अंगावर पडली, सगळी माझीच. पोरगी कुंपणाखालून आत घुसली. बायकोनेही टाळ्या वाजवल्या. नंतर म्हणाली, थंडी वाजत होती म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी वेळेआधी पोचलो. कोचच्या शेजारी एक उंच, लालसर केसांचा, विशीतला पोरगेला माणूस उभा होता. अमेरिकेतून आलेला, तिथल्या एका छोट्या कॉलेजात चार वर्षं क्वार्टरबॅक होता. क्लबने त्याला बोलावलं होतं, राहायला एका सभासदाच्या घरावरची खोली दिली होती. कागदपत्रांना उशीर झाला म्हणून तो हंगामाआधी पोचू शकला नव्हता.

"हा शनिवारपासून खेळेल," कोच सगळ्यांसमोर मला म्हणाला. "तू त्याला आपल्या खुणा शिकव."

"आणि मी?"

"तू काठावर. तो येईपर्यंत कोणीतरी उभं राहायला हवं होतं. उभा राहिलास, अपेक्षेपेक्षा बरा. आभारी आहे."

"हे कधी ठरलं होतं?"

"नोव्हेंबरात," तो म्हणाला. आवाजात ना खंत, ना मजा. त्याने गुडघ्यावर हात ठेवून शिट्टी वाजवली आणि माणसं धावायला निघाली.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणीच चकित झालेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मला ज्याने इथे आणलं त्या सहकाऱ्याने बुटाची नाडी सोडून परत बांधली. सेंटर तेवढा जागचा हलला नाही. त्याची मान लालबुंद झाली होती.

"तुलाही माहीत होतं?" मी विचारलं.

"मला वाटलं, तो यायचाच नाही," तो म्हणाला.

त्या अमेरिकनाला मी खुणा शिकवल्या. तो मला सर म्हणायचा. "सर, तुम्ही हे आठवड्यात शिकवताय, एकट्याने शिकायला मला महिना लागला असता." राग धरावा असं त्याने काही ठेवलंच नव्हतं. डावखुरा होता, त्यामुळे त्याचा चेंडू हवेत उलटा फिरायचा आणि आमच्या लोकांच्या बोटांतून निसटायचा. पण तो काय फेकायचा! पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की हिवाळाभर मी जे मिळवलं ते त्याच्याकडे शाळेपासून असणार. अंगावर येणारी माणसं त्याला धूसर दिसत नव्हती. त्याला ती दिसतच नव्हती.

चौथा सामना दुसऱ्या गावात. मी काठावर, अंगात कोरडा युनिफॉर्म, हातात पाण्याच्या बाटल्या. पहिल्या अर्ध्यात आमच्या माणसांच्या हातून त्याचे चेंडू निसटत राहिले, तरी तो एकालाही काही बोलला नाही. आम्ही मागे होतो, पण थोडे. दुसरा अर्धा सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या खेळीत तो चेंडू घेऊन मागे सरकला, लांब डावीकडे बघत. नजर वर, पाय हलते, अगदी शिकवल्यासारखं. त्याच क्षणी भिंतीच्या बरोबर मधून त्यांचा सगळ्यात जड माणूस आरपार आला. त्याला कोणी हातच लावला नव्हता. अमेरिकनाचा डावा हात मागे उचललेला, छाती उघडी. तो त्याच खांद्यावर पडला, आणि तो जड माणूस त्याच्यावर.

आवाज मला काठावर ऐकू आला. फळी मोडल्यासारखा.

तो ओरडला नाही. गवतावर बसून राहिला आणि उजव्या हाताने डावा हात असा धरून होता, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे आणि सांभाळायला दिलाय. अँब्युलन्स आली. तिचं दार लागायच्या आत कोच माझ्याकडे वळून म्हणाला, "हेल्मेट."

मी आत गेलो. सेंटर ओणवा झाला आणि मी त्याच्या खाली हात धरले. उरलेल्या सामन्यात मला कोणी स्पर्शसुद्धा केला नाही. त्याने माझ्यासमोर अशी भिंत उभी केली की मी हवं तेवढं थांबून, हवं तिथे बघून फेकत होतो. आम्ही जिंकलो. मी त्या दिवशी आयुष्यातलं सर्वोत्तम खेळलो, आणि खेळताना मला आनंद होत होता. तो खोटा नव्हता.

कपडे बदलायच्या खोलीत सेंटर माझ्या बाकावर येऊन बसला. बाक करकरला. अंगातून वाफा निघत होत्या. त्याने माझ्या मानेवर पंजा ठेवला आणि कानाशी म्हणाला, "दार मी उघडलं. तुझ्यासाठी."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"मुद्दाम?"

"एकदाच बाजूला झालो. एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. पण झालं ते झालं. तुला परत जागा मिळाली की नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर वाढदिवसाला भेट दिलेल्या माणसाचा भाव होता. मी उघडून काय म्हणतो याची वाट बघत होता. मी त्याचा हात मानेवरून काढला, अर्धे ओले कपडे पिशवीत कोंबले आणि बाहेर कोचकडे गेलो. तो गाडीत चेंडू-बाटल्या चढवत होता. मी जे ऐकलं ते सांगितलं.

"मी पाहिलं," तो म्हणाला.

"पाहिलं? मग?"

"माझ्याकडे सेंटर एकच आहे. क्वार्टरबॅक दोन होते." त्याने डिकी लावली. "आता मी सेंटरला काढून टाकलं, तर तुलाही शनिवारी कोणी वाचवायला नाही. विचार कर आणि ये."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, सांधाही निखळला होता. क्लबमधून कोणी आलं नव्हतं. तो खिडकीकडे बघत पडला होता.

"सर, भिंतीतल्या माणसांना सांगा, मी रागावलेलो नाही. होतं असं. एखादा सुटतो."

रात्रभर मी ठरवून आलो होतो. "सुटला नाही," मी म्हणालो. "सोडला." आणि कोणी, का, तेही सांगितलं.

तो म्हणाला, "तरीच. मी पडल्यावर तो माझ्याकडे बघायला आला नाही. सेंटर आधी येतो नेहमी." मग त्याने विचारलं, "तुम्ही जिंकलात का?"

"हो."

"किती फेकलेत?"

मी सांगितलं. तो खरोखर खूश झाला. माझ्याच्याने तिथे बसवेना.

सोमवारीच क्लबने त्याच्याकडे खोली परत मागितली. फेकू न शकणाऱ्या क्वार्टरबॅकला खोली कशाला, असा सरळ हिशेब. बायकोला मी फोन केला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तिखट चालतं का त्याला?" विमानाचं बघेपर्यंत तो आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर राहिला. डाव्या हाताने काहीच करता येत नव्हतं. माझी मुलगी त्याला वरणभात कालवून द्यायची आणि इंग्रजीत रागवायची, सांडू नकोस म्हणून.

मंगळवारी मी त्याला घेऊन कँटीनमध्ये गेलो. जायला नको होतं असं बायकोचं मत. तो म्हणाला, त्याला यायचंय. सगळी माणसं होती. सेंटर खिडकीपाशी. झोळीतला हात पाहून कोणीतरी खुर्ची सरकवली, एकाने बिअर आणून दिली. कोचने व्हिडिओ लावला. ती खेळी आली, झाली, आणि कोचने पुढचं बटण दाबलं.

"पुन्हा," मी म्हणालो.

कोचने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच कुतूहल दिसलं. त्याने ती परत लावली. चेंडू मागे जातो, सेंटर उठतो, आणि अर्धं पाऊल बाजूला होतो, दार धरून पाहुण्याला आत घ्यावं तसा.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा लागलं तेव्हा सेंटर उभा राहिला. "मी त्याला जाऊ दिलं," तो म्हणाला. या देशात माणसं असं सरळ बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. "हा हिवाळाभर आमच्याबरोबर मार खात होता. हा आमचा आहे. तो कोण?"

त्याने बोट दाखवलं ते अमेरिकनाकडे. माझ्या शेजारचा तो पोरगा शांतपणे म्हणाला, "बाकी दिवसभर तू चांगला अडवत होतास. तुझ्या मागे मला सुरक्षित वाटत होतं."

सेंटर खाली बसला. मी वाट पाहिली की आता कोणीतरी उठेल, निदान शिवी देईल. माझ्या ऑफिसातला सहकारी ग्लासातला फेस बघत होता. बँकवाला मोबाइल बघत होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, "पुढची खेळी बघायची का? मला सकाळी लवकर उठायचंय."

कोचने बटण दाबलं. पुढच्या खेळीत मी होतो, भिंतीवर, डोळे सताड उघडे. तो मला चांगलं म्हणत होता, पाय कुठे आहेत ते बघा म्हणत होता, आणि माणसं माना डोलावत होती. आम्ही दोघे उठून बाहेर आलो तेव्हा तो माझ्याच पायांबद्दल बोलत होता.

अमेरिकन पुढच्या आठवड्यात गेला. स्किपोलला सोडताना त्याने मुलीला आपला संघाचा शर्ट दिला. ती तो झोपताना घालते. अधूनमधून त्याचा निरोप येतो. खांदा जुळला, पण हात कानाच्या वर जात नाही. काकांच्या दुकानात शेतीची यंत्रं विकतो. मला सर म्हणणं त्याने सोडलेलं नाही.

मी परत गेलो नाही. त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी सकाळी कोचचा संदेश आला, "बारा वाजता निघतोय." मी उत्तर दिलं नाही. त्यांनी एका पळणाऱ्या पोराला क्वार्टरबॅक म्हणून उभं केलं आणि पुढचे सगळे सामने हरले. सेंटर दोन आठवड्यांनी दारात आला, मुलीसाठी वाफल्सचा पुडा घेऊन, पुढे पोट मागे सायकल. बायकोने दार उघडलं. तो मला हाक मारत होता, मी जिन्यावर उभा होतो आणि त्याला दिसत होतो. मी खाली आलो नाही, तोही उंबरा ओलांडून आला नाही. शेवटी त्याने पुडा पायपुसण्यावर ठेवला. बायकोने तो उचलून त्याच्या सायकलच्या टोपलीत परत ठेवला आणि दार लावलं. मला त्याची कीव आली, आणि त्याचा राग आला, आणि तीन श्वास देणारी त्याची ती पाठ आठवली. तिन्हींपैकी काहीच निघून गेलं नाही.

शरद ऋतूत सुपरमार्केटमध्ये कोच भेटला. मी दह्याच्या फडताळापाशी, तो काठी घेऊन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चुकवता आलं असतं, पण त्याने मला आधी पाहिलं.

"फेकतोस का कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने मान हलवली, नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "दोन वर्षांत तू त्या पोरापेक्षा बरा झाला असतास. मी ते फेब्रुवारीतच पाहिलं होतं."

"तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू ढिला पडला असतास," तो म्हणाला आणि काठी टेकत दुधाकडे गेला.

खोटं बोलायची त्याला कधी गरज पडली नव्हती. मी दही घेतलं, रांगेत उभा राहिलो, आणि पैसे द्यायच्या वेळी माझा उजवा हात फेकायला उचलावा तसा कानाच्या वर गेलेला कॅशियर बाईला दिसला. तिने विचारलं, बरं वाटतंय ना? मी हो म्हणालो.